वन डाउनला कोण? राष्ट्रीय निवड समितीस सोलापूरहून खुले पत्र

सोलापूर,
५ डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय अध्यक्ष श्री. अजित आगरकर आणि सर्व सदस्य,
पुरुषांची राष्ट्रीय निवड समिती,
मुंबई.

सप्रेम नमस्कार.

राजीनामा मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तसली पत्रं तुमच्याकडे पोत्याने येत असतील, त्यात माझी भर नको. शिवाय माझ्या एका पत्राने कुणी खुर्ची सोडेल एवढा भाबडा मी राहिलेलो नाही. मला फक्त एका जागेबद्दल बोलायचं आहे. वन डाउनची, म्हणजे पहिला गडी बाद झाल्यावर तिसऱ्या नंबरला उतरणाऱ्याची जागा.

आधी त्या बुधवारचं सांगतो. २६ नोव्हेंबरला गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी आपण हरलो तेव्हा मी पार्क चौकात चहाच्या गाड्यावर होतो. गाडेवाल्याने मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. तिकडे लवकर अंधारतं म्हणून त्या कसोटीत आधी चहा आणि मग जेवण अशा वेळा ठेवल्या होत्या. त्यावर पहिल्या दिवसापासून आमची करमणूक चालली होती, कारण सोलापुरात कुणाच्या घरी गेलं की हाच क्रम असतो. शेवटच्या दिवशी मात्र कुणी हसत नव्हतं. मैदान आपलं, खेळपट्टी आपली, आणि अख्खा संघ १४० वर गारद. ४०८ धावांनी हार. धावांच्या हिशेबात कसोटीतली आपली आजवरची सगळ्यात मोठी. त्याआधी कोलकात्यात १२४ करायच्या होत्या, झाल्या ९३. दक्षिण आफ्रिकेने याआधी भारतात कसोटी मालिका जिंकली होती ती २००० साली, हॅन्सी क्रोनिएच्या हाताखाली. पंचवीस वर्षांनी त्यांचा कप्तान बवुमा याने पुन्हा जिंकली, तीही २-० अशीच.

गाड्यावर दहा मिनिटांत सगळे निवाडे झाले. कोचला काढा, आगरकरला काढा, सगळी समितीच हाकला. आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रात्रीपर्यंत नवी समिती नेमूनही झाली होती, त्यात तिघे आमच्याच ग्रुपमधले. मग रविवारी रांचीत कोहलीने १३५ ठोकल्या आणि विषय पालटला. परवा रायपूरला आपल्या ऋतुराज गायकवाडने शतक काढलं. ३५८ करूनही सामना गेला, पण ग्रुपवर सगळे खूष, महाराष्ट्राचा पोरगा म्हणून फुलं, टाळ्या, भगवे झेंडे. गुवाहाटी कुणाच्या तोंडात नाही. म्हणजे तुमच्यावरचा राग आठ दिवसही टिकला नाही. म्हणूनच मुद्दाम आत्ता लिहितोय. तापलेल्या तव्यावर लिहिलं असतं तर मीही काहीतरी हाकला-बिकला लिहून बसलो असतो.

मी कोण, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एका चादर कारखान्यात सुपरवायझर होतो, आता निवृत्त. रविवारी पार्क स्टेडियमवर लेदर बॉलने खेळायचो. कागदोपत्री ते इंदिरा गांधी स्टेडियम, पण सोलापुरात रिक्षावाल्याला 'पार्क' म्हणावं लागतं. वन डाउन खेळायचो. काही फार ग्रेट नव्हतो. पण वन डाउनवाल्याला एक गोष्ट कळते, जी बाकीच्यांना कळत नाही: पॅड बांधून बसायचं कसं. पहिल्याच चेंडूवर ओपनर गेला तर तुम्ही ओपनर. दीडशेची भागी झाली तर तुम्ही तीन तास बूट घालून घामात बसलेले, आणि आत गेल्यावर लोकांना लगेच चौकार पाहिजे. बाकी कुठल्याही नंबरला आपलं काम काय ते आधी ठाऊक असतं. तिसऱ्याला ते मैदानात जाताना कळतं. म्हणून तिथे बसणाऱ्या माणसाला निदान एवढं माहीत पाहिजे की उद्याही इथं मीच बसणार आहे.

आता हिशेब बघा. द्रविड, आणि मग पुजारा. मध्ये कधीमधी कुणी येऊन गेलं असेल, पण मोठा काळ या दोन माणसांनी ती जागा धरली. पुजाराने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात एका मालिकेत १२५८ चेंडू खेळून काढले. ५२१ धावा झाल्या, त्या लोकांच्या लक्षात आहेत. मला ते चेंडू आठवतात. पुजाराची शेवटची कसोटी जून २०२३ मधली, ओव्हलवरची. त्याला काढलंत त्याबद्दल तक्रार नाही. वय झालं होतं, धावा आटल्या होत्या. पण त्यानंतर तिथे कोण कोण बसलं? गिल. मग बंगळुरूत कोहली. पर्थला पडिक्कल. मेलबर्नला राहुल. लीड्सला साई सुदर्शन. बर्मिंगहॅमला आणि लॉर्ड्सला करुण नायर. मँचेस्टरला परत साई. कोलकात्याला वॉशिंग्टन सुंदर. गुवाहाटीला परत साई. अडीच वर्षांत सात माणसं एका खुर्चीवर. एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर याहून जास्त वेळ माणूस टिकतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही पंधरा देतो, त्यातले अकरा आणि त्यांचे नंबर कोच-कप्तान ठरवतात. खरं आहे. गाड्यावरच्या लोकांना हा फरक कळत नाही, आणि दुसऱ्याच्या निर्णयाच्या शिव्या तुम्हाला खाव्या लागतात. कोलकात्यात चार फिरकी गोलंदाज खेळवले आणि त्यातल्या एकाला तिसऱ्या नंबरवर पाठवलं, हे काही तुमच्या बैठकीत ठरलं नसणार. गंमत अशी की वॉशिंग्टन नापास झालाच नाही. त्या भुताटकीच्या खेळपट्टीवर त्याने २९ आणि ३१ केल्या. दुसऱ्या डावात आपल्याकडून त्याच्याच सगळ्यात जास्त. बक्षीस काय, तर पुढच्या कसोटीत आठवा नंबर. तिथेही बिचाऱ्याने ४८ केल्या. तो पोरगा बोलत नाही म्हणून, नाहीतर त्याने विचारायला पाहिजे होतं, की साहेब, मी नक्की काय आहे?

पण पंधरा तर तुमचे असतात ना? ज्या पंधरात तिसऱ्या नंबरचा माणूस ठसठशीत नसतो, त्यातून कोच असलेच प्रयोग करणार. दुकानात सुईच ठेवली नाही तर गिऱ्हाईक टाचणीने शिवणार.

मागच्या वर्षीचं गहुंजे सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको. न्यूझीलंडविरुद्धची दुसरी कसोटी. आदल्या संध्याकाळी पुण्याला जाऊन हडपसरला बहिणीकडे मुक्काम केला, सकाळी भाच्याच्या गाडीवर मागे बसून गहुंजेला. शनिवार होता, २६ ऑक्टोबर. बहिणीने डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली होती. डबा काही आत नेऊ दिला नाही, तो गाडीच्या डिकीत राहिला. ३५९ हव्या होत्या. जयस्वाल असा सुटला होता की जेवणाच्या सुट्टीला माझ्या शेजारचा पुणेकरसुद्धा माझ्याशी बोलायला लागला. ७७ वर जयस्वाल गेला. पंत शून्यावर धावबाद झाला. आणि मग एकटा सँटनर, संथ, सरळ, काहीही जादू नसलेला, एका टोकाने टाकतच राहिला. सामन्यात त्याचे १३ बळी झाले. आम्ही ११३ धावांनी हरलो, आणि सलग १८ मालिका घरच्या मैदानावर न हरण्याचा जो डोंगर रचला होता तो त्या दुपारी कोसळला. परत येताना डिकीतली भाकरी गाडी बाजूला लावून रस्त्याकडेला उभ्याने खाल्ली. भाचा म्हणाला, मामा, निवड समितीला पहिलं घरी पाठवलं पाहिजे.

मी त्याला तिथेच सांगितलं, अरे, याच सामन्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनला बोलावून घेतलं. पहिल्या कसोटीनंतर. आणि त्याने ११ विकेट काढल्या. याहून चांगली निवड काय असते? निवड बरोबर असूनही माणूस हरतो. तुमच्या नोकरीतलं हे दुःख मला कळतं. जिंकलं तर खेळाडूंनी जिंकलं, हरलं तर तुम्ही हरवलं.

आणि हे आजचं नाही. १९७१ साली विजय मर्चंटांच्या निर्णायक मताने वाडेकर कप्तान झाले, वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आले, तेव्हा त्या एका मताचं केवढं कौतुक झालं. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये ०-३ हरले, लॉर्ड्सवर ४२ वर सगळे बाद झाले, आणि त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. आपल्या लोकांना हार घालायला आणि दगड मारायला एकच हात पुरतो. तो हात तुमच्याकडे वळला म्हणून घाबरून माणसं बदलत राहू नका, एवढंच माझं म्हणणं. शिव्या तर दोन्हीकडून बसणारच आहेत. मग थांबलात म्हणून खा ना. बदलत राहिलात म्हणून का खाता?

थांबण्याबद्दल सोलापूरकराने बोलायचा एक खास हक्क आहे, तो बजावतो. पॉली उम्रीगर आमच्या गावात जन्मले. २८ मार्च १९२६. येत्या मार्चमध्ये शंभर वर्षं होतील. तुमचं मंडळ दरवर्षी सर्वोत्तम क्रिकेटपटूला त्यांच्याच नावाचा पुरस्कार देतं. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. हे सगळे सांगतात. मी वेगळं सांगतो. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात याच माणसाने चार कसोटींतल्या सात डावांत मिळून ४३ धावा केल्या होत्या. सात डाव, ४३. समोर इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ट्रुमन होता, आणि त्याच्या वेगाला हा गडी लेगच्या बाजूला सरकतो, अशी सगळीकडे कुजबुज झाली. आजचे दिवस असते तर त्या सरकण्याच्या चित्रफिती दुपारपर्यंत गल्लोगल्ली पोचल्या असत्या, आणि संध्याकाळी तुम्ही त्यांचं नाव खोडलं असतं. त्या वेळच्या निवडकर्त्यांनी खोडलं नाही. घरी पाकिस्तानविरुद्ध खेळवलं, पुढे वेस्ट इंडीजला नेलं. तिथे १९५३ मध्ये पाच कसोटींत ५६० धावा, दोन शतकं. निवृत्त झाले तेव्हा ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं.

त्या काळचे निवडकर्ते सगळेच संत होते असंही नाही. १९५८-५९ ला वेस्ट इंडीज इथे आले तेव्हा पाच कसोटींत आपले चार कप्तान झाले. चार! त्यातले एक उम्रीगर. मद्रास कसोटीच्या तोंडावर अकरा जणांत कोण घ्यायचा यावरून मंडळाच्या अध्यक्षांशी त्यांचं जमलं नाही, आणि त्यांनी कप्तानपद ठेवून दिलं. खेळाडू म्हणून मात्र उतरले. आमच्या गावचा माणूस, हट्टी असणारच. मालिका ०-३ गेली. पुढे १९७८ ते ८२ हेच उम्रीगर निवड समितीचे अध्यक्ष होते, म्हणजे तुमच्याच खुर्चीवर. ज्याला सात डावांत ४३ धावांनंतरही कुणीतरी ठेवलं होतं, असा माणूस खुर्चीवर बसला की हातात खोडरबर घेताना दोनदा विचार करत असेल, असा माझा अंदाज आहे.

आगरकर साहेब, इथून पुढचं तुम्हाला एकट्याला.

१९९९-२००० चा ऑस्ट्रेलिया दौरा मी विसरलेलो नाही. तुम्ही तर नसालच. लागोपाठ पाच भोपळे. आमच्या कारखान्यात वाइंडिंग खात्यातल्या बायकासुद्धा तुमच्यावर विनोद करायच्या, ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि मग डिसेंबर २००३, ॲडलेड. दुसऱ्या डावात ४१ धावांत ६ बळी. द्रविडच्या २३३ सगळ्यांना पाठ आहेत, पण ऑस्ट्रेलियाला १९६ वर गुंडाळलं नसतं तर त्या २३३ चं काय लोणचं घातलं असतं? मधल्या काळात तुम्ही आत-बाहेर झालात, पण तुमच्या नावावर कुणी कायमची फुली मारली नाही. वेगवान गोलंदाजाने भोपळे काढले म्हणून काय झालं, असं कुणीतरी बैठकीत म्हणालं असणारच. तो कोण होता ते मला माहीत नाही. तो माणूस मला आता तुमच्या बैठकीत बसलेला पाहिजे.

कारण करुण नायरच्या वेळी तो नव्हता. २०१६ च्या डिसेंबरात चेन्नईला नाबाद ३०३. त्यानंतर जेमतेम तीन कसोटी, आणि आठ वर्षं बाहेर. २०१८ ला इंग्लंडमध्ये तो संघात असताना मागाहून आलेल्याला ओव्हलवर खेळवलं. तेव्हा समिती तुमची नव्हती, मान्य. पण २०२५ ला त्याला परत आणलंत तुम्हीच. रणजीत विदर्भाकडून ८६३ धावा केल्यावर. मन भरून आलं होतं, खरं सांगतो. मग इंग्लंडमध्ये चार कसोटी, कधी सहावा नंबर, कधी तिसरा, एका सामन्यात बाकावर, शेवटी पाचवा. आठ डावांत २०५ धावा. कमी आहेत, नाही कोण म्हणतं? पण आठ वर्षं ज्याची वाट बघितली त्याला एका जागेवर चार सामने तरी द्यायचे होते. सरफराज खानचं तसंच. बंगळुरूला आपण ४६ वर बाद झाल्यावर दुसऱ्या डावात १५० करणारा तो. त्या दीडशेनंतर त्याला डाव किती मिळाले? चार. त्यात तो चालला नाही, आणि ऑस्ट्रेलियाला नुसता फिरून आला.

इथे माझ्याच ग्रुपमधला एक वकील मला पकडतो. म्हणतो, थांबा थांबा म्हणताय, मग ऑस्ट्रेलियात रोहितसाठी थांबले ते काय? पाच डावांत ३१ धावा. शेवटी सिडनीला तो स्वतःच बाजूला झाला. कोहली ऑफ स्टंपच्या बाहेर त्याच त्या चेंडूला बॅट लावत राहिला, तरी थांबले. थांबून काय मिळालं? १-३. वकिलाचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूचा आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. थांबता येत नाही असं नाहीच मुळी तुमचं. नावाजलेल्यासाठी तुम्ही मालिका जाईपर्यंत थांबता, नवा पोरगा आला की घड्याळ लावून बसता. उलटं पाहिजे. ज्याने शंभर कसोटी खेळल्या त्याचं काय चुकतंय ते दोन सामन्यांत दिसतं. ज्याने दोनच खेळल्या त्याचं काहीच दिसत नाही.

सोलापूरकराच्या पत्रात चादर यायचीच, तेवढी सहन करा. मागावर तार तुटते. दिवसातून कितीदा तरी तुटते. चांगला कामगार माग थांबवतो, टोक शोधतो, गाठ मारतो, फणीतून ओढून घेतो आणि पट्टा चढवतो. नवा पोरगा असेल तर घाबरून सुपरवायझरला हाक मारतो, की साहेब, बीमच (तारा गुंडाळलेला रूळच) खराब आलंय, बदला. मी तीस वर्षांत बीम बदलायला फार थोड्या वेळा सांगितलं असेन. माझ्यावरही मालक ओरडायचा.

पण आता मी शहाणपण शिकवतोय असं वाटायला लागलंय, तर माझंही सांगून टाकतो. मीही एकदा निवडकर्ता होतो.

२००९ चा एप्रिल. चौदा वर्षांखालच्या मुलांची चाचणी. कुठल्या स्पर्धेसाठी, कुणी भरवली, ते सोडा. आम्ही तिघे निवडणारे, मुलं सव्वाशेच्या वर. सकाळी सात ते अकरा, कारण त्यानंतर सोलापूरच्या उन्हात मॅटवर उभं राहिलं की बुटाचे तळ सुटायला येतात. म्हणून प्रत्येकाला सहा चेंडू. सहा! तुमच्यावर हसतो मी, पण मी सहा चेंडूंवर पोरं निवडली आहेत.

एक पोरगा आला, साखर पेठेतला, बॅट त्याच्यापेक्षा मोठी. सहापैकी चार चेंडू त्याने सोडले. दोन बॅटच्या मधोमध घेऊन पायापाशी पाडले. पुढचा आला तो आडदांड. त्याने तीन चेंडू भिंतीवर नेऊन आपटले, बाहेर उभ्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत पहिल्यापुढे फुली मारली, दुसऱ्यापुढे बरोबरची खूण. निळं बॉलपेन होतं. संध्याकाळी पॅव्हेलियनच्या दारावर यादी चिकटवली आणि आम्ही निघालो, तर गेटपाशी त्या पोराचा बाप सायकल धरून उभा. यंत्रमागावरची पाळी संपवून थेट आलेला, केसांत, भुवयांत रुईचे कण. पोरगा मागे कॅरिअरवर बसलेला, पॅड अजून पायातच.

"सर, भांडाया नाय आलो," म्हणाला. "का नाही घेतलाव, तेवढं सांगा. पोराला घरी सांगायला पायजे की."

मी म्हणालो, लहान आहे अजून, पुढच्या वर्षी बघू.

"ते दुसरं पोरगं पण चौदाच्या आतलंच हाय की ओ."

मी गप्प.

"चार बॉल सोडलंय म्हणून काढलाव काय? बाहेरचे होते, सर. सोडायचे होते म्हणून सोडलंय. मीच शिकवलंय त्याला सोडायला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं होतं, की टाळ्या वाजल्या होत्या. ते कसं सांगणार? मी घड्याळ बघितलं आणि उशीर होतोय म्हणून निघालो. पुढच्या वर्षी तो पोरगा चाचणीला आला नाही. आणि त्या आडदांडाचं तरी आम्ही भलं केलं का? दोन सामन्यांत त्याच्या नऊ धावा झाल्या आणि आम्ही त्यालाही बदलून टाकलं. त्याच वहीत, त्याच पेनने.

तेव्हा मी तुमच्याहून मोठा नाही, हे समजून पुढचं वाचा. पुढची कसोटी अजून बरेच महिने लांब आहे. तोवर टी-ट्वेंटी, आयपीएल, सगळा बाजार भरेल आणि वन डाउन हा शब्द कुणाला आठवणार नाही. एवढ्या सवडीत एक माणूस ठरवा. साई म्हणा, पडिक्कल म्हणा, ऋतुराज म्हणा (हो, इथं मी महाराष्ट्राची घुसडामारी करतोय, ४४३ धावा करून एकही कसोटी न मिळालेले भाऊसाहेब निंबाळकर आमच्याच संघाचे, त्यामुळे आम्हाला थोडी सूट द्या). कोण ठरवायचा ते तुम्ही बघा, तो तुमचा मान. पण ठरला की जाहीर सांगा: दुखापत सोडली तर पुढच्या दहा कसोटी वन डाउनला हाच. शून्यावर गेला तरी हाच. कोचलाही तेच सांगा. दहानंतर काढलंत तर मी स्वतः गाड्यावर तुमची बाजू घेईन. आणि ज्याला ठेवणार नाही त्याला फोन करून कारण सांगा. पत्रकार परिषदेतून कळवू नका. मला एका बापाला सोळा वर्षांत ते सांगता आलेलं नाही, तर त्याचं ओझं किती असतं ते मला विचारा.

रायपूरच्या शतकानंतर निदान ऋतुराजला वनडेत तरी पुढचे चार सामने नीट द्याल, अशी आशा आहे. एवढं तर बोलून जायलाच नको.

रणजीचा दुसरा टप्पा जानेवारीत सुरू होतो. २०२४ च्या जानेवारीत आमच्या पार्कवरही रणजीचे सामने झाले होते, भिंतीवर चढून लोकांनी बघितले. पुन्हा कधी आले तर तुमच्यातल्या एकाने या. गड्डा यात्रेच्या दिवसांत आलात तर उत्तमच, सिद्धेश्वराचं दर्शन होईल. टीव्हीवर चौकार दिसतात. सोडलेले चेंडू बघायचे असतील तर साइट स्क्रीनच्या बाजूला दगडी पायरीवर बसावं लागतं, मी जागा धरून ठेवीन.

तो साखर पेठेतला पोरगा आता तिशीचा आहे. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, माझा फोन तोच दुरुस्त करतो. त्या बुधवारी गाड्यावरून मी त्याच्याकडेच गेलो होतो, काच बदलायला. दुकानात छोट्या पडद्यावर क्षणचित्रं चालली होती. साई सुदर्शनने १३९ चेंडूंत १४ धावा केल्या म्हणून दुकानातलं एक गिऱ्हाईक हसत होतं. हा हसला नाही. माझ्या फोनची काच उचलता उचलता पडद्याकडे बघत म्हणाला, "सर, हे पोरगं सोडालंय बघा." आणि मग, स्क्रू डबीत टाकत, "पुढच्या कसोटीत असतंय का ओ हे?"

मी म्हणालो, विचारून सांगतो.

कळवावे.

आपला,
पार्कवरचा एक जुना वन डाउन